जुन्या तेलुगू सिनेमांतल्या मोटारी हुडकताना : कामाच्या नोंदी

४ जून २०२३, रविवार

आमचं मूळ गाव देगलूरच्या बाजूचं. त्यामुळे तेलुगू कानाला परकी नाही, पण वाचताना मी अजून अक्षराखाली बोट ठेवतो. वडिलांचं नांदेडला गॅरेज होतं. डुक्कर फियाट आणि लँडमास्टर यांच्या बॉनेटखाली डोकं घालून मी लहानाचा मोठा झालो. आता हैदराबादेत बावीस वर्षं झाली. आई दुपारी जुने तेलुगू सिनेमे लावून बसते. मधेच येऊन "ही स्टुडबेकर", "ही स्टँडर्ड टेन" असं मी बोललो की तिला संवाद ऐकू येत नाहीत. काल ती वैतागून म्हणाली, "एवढं कळतं तर लिहून ठेव ना कुठेतरी. मला नको सांगूस."

म्हणून ही वही. १९५० ते १९७५ मधले सामाजिक सिनेमे घ्यायचे, ज्यांना इकडे 'सांघिकम' म्हणतात. पौराणिक वगळले. 'मायाबजार'मध्ये कुणाला मोटार दिसली तर जरूर कळवा. तक्त्यात रकाने असे: सिनेमा, वर्ष, मिनिट-सेकंद, गाडी, मॉडेल साल, कशावरून ओळखली, आणि खात्री (अ, ब किंवा क). 'कशावरून ओळखली' हा रकाना सुरुवातीला नव्हता. तो नंतर घातला.

११ जून

आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथ बाजारात पुस्तकांच्या ढिगांमागे एकाकडे जुन्या व्हीसीडी मिळाल्या. वीस रुपयांना एक सिनेमा. २५ घेतले, ५०० रुपये गेले. लॅपटॉपला चकती घालायची सोयच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेतला, १,४५०. घरी येऊन बघतो तर ९ सिनेमांच्या चकत्या ओरखड्यांमुळे चालेनात. दोन पाकिटांत भलताच सिनेमा. उरले १४.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. लांबच्या दृश्यात अख्खी मोटार पन्नास-साठ ठिपक्यांत बसते, मग नंबरप्लेट वाचायची आशा कशाला धरायची! डीव्हीडी मिळत असेल तर तीच घ्या. मी हा शहाणपणा पैसे घालवून शिकलो.

१८ जून

आठ सिनेमे झाले, ४१ मोटारी नोंदवल्या. एका सिनेमाला साडेचार तास लागतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते, 'शिफ्ट' आणि 'एस' दाबलं की चित्र साठवलं जातं. बाकी कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही.

एक गोष्ट खटकते आहे. ४१ मधल्या १७ गाड्या मी अमेरिकन लिहिल्यात. लांबलचक, बुटक्या, ऐसपैस. तेव्हाच्या मद्रासमध्ये खरंच एवढ्या होत्या?

२४ जून

नव्हत्या. इंटरनेटवरून उतरवलेले पाच सिनेमे आडवे ताणलेले निघाले. मूळ चित्र ४ बाय ३ प्रमाणातलं, आणि कुणीतरी ते आजच्या टीव्हीच्या पडद्याला भरावं म्हणून १६ बाय ९ करून टाकलं होतं. त्यात फियाट ११०० सुद्धा पसरून प्लायमाउथ होते. नटनट्यांचे गाल फुगलेले दिसत होते, पण माझं लक्ष गाड्यांकडे.

पकडलं कसं, तर चाकावरून. गाडी बरोबर आडवी उभी असलेली एक फ्रेम घेतली आणि पट्टी लावून व्हील कॅप मोजली. रुंदी ९६, उंची ७२. भागाकार १.३३. गोल चाक असं असेल तर ताणलेलं चित्रच आहे. व्हीएलसीत 'ए' दाबत गेलं की प्रमाण बदलतं, चाक गोल दिसेपर्यंत दाबायचं. ४१ पैकी २६ नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. त्यात १७ अमेरिकन गाड्यांच्या ६ उरल्या. एक आठवडा पाण्यात.

आता नियम: सिनेमा लावला की आधी चाक मोजायचं, मग बाकीचं.

२ जुलै

ओळखीच्या खुणा लिहून काढतो आहे. वडिलांनी तोंडी शिकवलेल्या काही, चुकून शिकलेल्या काही.

हिंदुस्थानच्या गाड्यांत माझा सगळ्यात जास्त गोंधळ झाला. लँडमास्टर १९५४ पासूनची, अँबॅसडर १९५७-५८ पासूनची, आणि लांबून दोघी जुळ्या. बॉनेटकडे बघा. लँडमास्टरचं बॉनेट गुळगुळीत, फुगीर. अँबॅसडरच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंनी पन्हळीसारखे खोलगट भाग जातात. मागून बघितलं तर लँडमास्टरची पाठ उतरती, अँबॅसडरचे मागचे मडगार्ड टोकाशी किंचित वर उचललेले. अँबॅसडरमध्ये पुन्हा पुढची जाळी बारीक चौकड्यांची असेल तर मार्क टू, म्हणजे दुसरी आवृत्ती.

फियाटमध्ये दार बघायचं. जुन्या ११०० चं पुढचं दार उलटं उघडतं, म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला. नायिका उतरते तेव्हा हे फार नीट कळतं. साडीचा पदर सावरत ती बाहेर येते आणि दार तिच्या मागच्या बाजूला जातं. १९६४ च्या 'डिलाइट' मॉडेलपासून दार सरळ झालं. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, त्यामुळे त्याआधीच्या सिनेमात 'पद्मिनी' लिहू नका. मी तीनदा लिहिलं.

अमेरिकन गाड्यांना बॉनेटवरचा पुतळा वाचवतो. शिडाचं जहाज असेल तर प्लायमाउथ, मेंढा असेल तर डॉज. पाँटियाकला रेड इंडियन सरदाराचं डोकं. ब्युइकच्या पुढच्या मडगार्डवर १९४९ पासून भोकं आली, सुरुवातीच्या वर्षांत तीन असली तर साधी, चार असली तर रोडमास्टर. शेव्हरले १९६० ते ६४ मधली वाटली तर मागचे दिवे मोजा. दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल म्हणजे इम्पाला, दोन-दोन म्हणजे तिची स्वस्त बहीण. १९५९ ची मात्र मांजराच्या डोळ्यांसारखे आडवे दिवे घेऊन फिरते, तिला मोजायची गरज नाही.

स्टँडर्ड हेरल्ड सगळ्यांत सोपी. तिचा कारखाना मद्रासजवळ वंडलूरच्या बाजूला होता आणि बहुतेक तेलुगू सिनेमे तेव्हा वडपळनी-कोडंबाक्कमच्या स्टुडिओंत होत. म्हणूनच की काय, माझ्या तक्त्यात कॉलेजातला नायक हेरल्डमधून येतो आणि त्याचा बाप अँबॅसडरमधून.

१६ जुलै

पुतळ्यावर फार भिस्त ठेवली होती, ती आज मोडली. एका गाडीला पुतळाच नव्हता, नुसतं खुंट उरलेलं. चोरीला गेला असणार. अंगलट तर क्रायस्लर घराण्याची, १९५१-५२ ची. पण परदेशी विक्रीसाठी क्रायस्लर एकाच सांगाड्याला वेगवेगळ्या जाळ्या लावून प्लायमाउथ, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट अशी तीन नावं देत असे. आपल्याकडे हे घराणं मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळवलं जाई. वडील तिन्हींना सरसकट 'डॉज' म्हणायचे आणि त्यांचं काहीच चुकत नसे. पार्ट एकमेकींना बसत.

दोन रात्री जाळीच्या पट्ट्या मोजण्यात गेल्या. शेवटी प्लायमाउथ लिहिलं, खात्री ब. तिच्या पुढच्या मडगार्डवर, हेडलाइटच्या जरा मागे, तळहाताएवढा पोचा आहे. मागच्या दारावरची क्रोमची पट्टी अर्ध्यातच संपते. हे उगाचच शेऱ्यात लिहून ठेवलं.

३० जुलै

सालांचा घोळ. व्हीसीडीच्या पाकिटावर १९६० छापलंय आणि विसाव्या मिनिटाला हेरल्ड येते. विलायतेत ती १९५९ ला आली, आपल्याकडे १९६१ ला. आयात केलेली असेल असं म्हणून मी 'ब' देऊन मोकळा होणार होतो. त्याच सिनेमाची दुसरी प्रत सापडली, तिच्यात सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र कापलेलं नव्हतं. तारीख १९६३ ची. पाकीटच चुकलेलं.

तेव्हापासून पाकिटावर विश्वास नाही. प्रमाणपत्र असलेली प्रत शोधायची. ते नसेल तर मागची इमारत बघायची. मद्रासच्या माउंट रोडवरची एलआयसीची उंच इमारत आणि मरीनावरचा कामगारांचा पुतळा, दोन्ही १९५९ चे. मोटारीच्या मागून यांतलं काही सरकलं तर दृश्य त्याच्या आधीचं असू शकत नाही.

१३ ऑगस्ट

खालच्या मजल्यावरच्या तातगारूंना (तेलुगूत आजोबांना आदराने असं म्हणतात) कुणीतरी माझ्या उद्योगाबद्दल सांगितलं. वय ८४. साठच्या दशकात ते कोडंबाक्कमला होते, स्टुडिओंना भाड्याने मोटारी पुरवणाऱ्या एका शेठकडे ड्रायव्हर. माझ्या नकळत आईनेच त्यांना चहाला बोलावलं.

मी आठ महिन्यांच्या बाळाचे फोटो दाखवावेत तशी साठवलेली चित्रं दाखवत होतो. मॉडेल, साल, जाळी. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाबू, कोणती गाडी ते तू सांगितलंस. कुणाची ते सांग."

मला कळेना.

"आमच्याकडे नऊ बंड्या, म्हणजे गाड्या, होत्या. त्याच नऊ सगळीकडे जायच्या. आज जमीनदाराच्या दारात, उद्या डॉक्टरच्या, परवा चोर पळवून नेणार. तू एकीला पाच वेळा मोजलं असशील."

मोजलं होतं, उघडच आहे.

त्यांच्याकडून आणखी एक शिकलो. गाडीतले संवाद बहुतेक स्टुडिओतच घेत. गाडी जागेवर उभी, मागच्या पडद्यावर रस्त्याचं चित्रीकरण पळतंय, आणि दोन पोरं बंपरखाली फळी घालून गाडी हलवतायत. समोरच्या काचेत दिवे दिसू नयेत म्हणून काच काढून ठेवत. मी घरी येऊन तपासलं. एका दृश्यात नायक बोलता बोलता हात पुढे करतो आणि त्याची बोटं काचेच्या जागेतून आरपार बाहेर येतात. इतकी वर्षं हा सिनेमा लोक बघतायत.

या पद्धतीमुळे माझ्या सात नोंदी बाद झाल्या. बाहेरून अँबॅसडर, आत डॅशबोर्ड प्लायमाउथचा. स्टुडिओत जी मोकळी असेल ती उभी करत. आता 'बाहेर' आणि 'आत' असे दोन रकाने केलेत. मागच्या पडद्यावर पळणाऱ्या गाड्या मोजायच्याच नाहीत, ते चित्रीकरण किती जुनं असेल सांगता येत नाही.

२७ ऑगस्ट

तक्ता उलटा लावायला घेतला. आधी 'कोणत्या सिनेमात कोणत्या गाड्या' होता, आता 'कोणती गाडी कोणकोणत्या सिनेमांत'. सुरुवात त्या पुतळा चोरीला गेलेल्या प्लायमाउथपासून. खुणा तीन: बॉनेटवरचं खुंट, मडगार्डवरचा पोचा, अर्धी पट्टी.

नंबरप्लेटने वेळ खाल्ला. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, पहिली दोन 'एमएस', म्हणजे मद्रासच. आकडे धूसर. एका सिनेमात चक्क कागद चिकटवून नंबर बदललाय, वाऱ्याने त्याचा कोपरा उडताना दिसतो.

याच्यावर एक उपाय निघाला. तेव्हा काही सिनेमे तेलुगू आणि तमिळमध्ये बरोबरच काढत. १९५५ चा 'मिस्सम्मा' तमिळमध्ये 'मिस्सियम्मा' म्हणून तसाच झाला होता. अशा जोडीतली तमिळ प्रत चांगली असेल तर ती बघायची. नट बदलले तरी स्टुडिओच्या दारातली गाडी बऱ्याचदा तीच. मला या युक्तीने नंबर नाही मिळाला, पण पोचा स्वच्छ दिसला. उजव्या मडगार्डवर.

१० सप्टेंबर

घोटाळा. ही प्लायमाउथ सापडलेल्या पाच सिनेमांपैकी तिघांत पोचा उजवीकडे आहे आणि दोघांत डावीकडे. म्हणजे दोन गाड्या. दोन्ही १९५१-५२ च्या, दोघींचा पुतळा गेलेला? मी त्यांची नावंही ठेवली, उजवी आणि डावी.

डावीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. मग काय, मी तर्क लढवला. ही कुठल्यातरी दूतावासाची असणार. परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावात विकत असे, तिथून शेठने उचलली असेल. एक पानभर लिहिलं. लिखाण बरं झालं होतं, म्हणून ते इथे देत नाही.

१७ सप्टेंबर

तातगारूंना 'डावी' दाखवायला नेली. गाडी बाजारातून जाते, मागे दुकानांच्या पाट्या. मी कबूल केलं की या सिनेमातल्या पाट्या मला वाचता येत नाहीत, माझी तेलुगू कच्ची आहे, जुन्या वळणाचं अक्षर असेल.

त्यांनी चष्मा काढला, लुंगीला पुसला, परत लावला. लॅपटॉपच्या इतक्या जवळ गेले की नाक पडद्याला लागलं. मग हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला.

"बाबू, पाटी उलटी आहे."

सगळं चित्रच आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. इंटरनेटवर सिनेमा चढवणारे, मालकांच्या यंत्रणेने पकडू नये म्हणून, चित्र डावीउजवी फिरवतात. नावांची पाटी कापून टाकली की कुणाला कळत नाही. तेलुगू अक्षरं मुळात गोल गोल. माझ्यासारख्या बोट ठेवून वाचणाऱ्याला ती उलटी आहेत की आपणच अडाणी आहोत हे समजायला तीन आठवडे लागले. नायकाच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे होता. मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत होत्या. मी फक्त मडगार्ड बघत होतो.

दूतावास खोडला. उजवी आणि डावी मिळून एकच गाडी, पाच सिनेमे. खात्री अ.

नवा नियम: चाक मोजून झालं की खिसा बघायचा.

८ ऑक्टोबर

हिशेब. व्हीसीडी ८२० (परत दोनदा आबिड्सला गेलो), ड्राइव्ह १,४५०, दोन टीबीची हार्ड डिस्क ५,३००, दोन चांगल्या डीव्हीडी ३९८. एकूण ७,९६८. तासांची बेरीज २१० वर थांबवली, बायकोच्या नजरेस पडू नये म्हणून. सिनेमे ३४. खात्री 'अ' असलेल्या नोंदी ११२. ताणलेली चित्रं, उलटी चित्रं आणि पाकिटावरची सालं यांत मिळून निदान ६० तास गेले असतील.

रंगीत सिनेमांकडे वळलो. तेलुगूतला पहिला रंगीत सामाजिक सिनेमा १९६५ चा 'तेने मनसुलु'. त्यात नट कृष्णाने स्कूटरवरून चालत्या मोटारीवर उडी घेतली होती, डुप्लिकेट न घेता, आणि ती बघूनच त्याला पुढच्या वर्षी 'गूढचारी ११६' मिळाला असं सांगतात. मी ते दृश्य स्कूटरसाठी न बघता मोटारीसाठी बघणारा पहिला माणूस असेन. खात्री क. कॅमेरा सारखा कृष्णावर.

१२ नोव्हेंबर, दिवाळी

फराळाचं ताट घेऊन खाली गेलो, लॅपटॉपही नेला. सहावा सिनेमा सापडलाय, सत्तरीच्या सुरुवातीचा, रंगीत. इतके दिवस मला ती गाडी करडीच माहीत होती. इथे ती टॅक्सी झाली आहे, काळी-पिवळी. पोच्याच्या जागी जाड लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय, पण प्रकाश तिरका पडला की तिथला फुगवटा दिसतो. पट्टी अर्धीच. खुंट तसंच.

"मूळ रंग कोणता होता हो?"

"मरून," तातगारू म्हणाले. "पण मी आलो तेव्हाच एकदा मारलेला होता. आधीचा शेठलाच माहीत."

शेवटी खलनायक ती टॅक्सी घाटात ढकलून देतो. मी आधी एकट्याने बघताना इथे थांबलो होतो, पुढे जाववेना. आता 'ई' दाबत गेलो. टॅक्सी कड्याच्या टोकाशी. मग कट. मग दरीत कोलांट्या खाणारी गाडी, काळी-पिवळीच.

चकली चावत तातगारू म्हणाले, "थांब, मागे घे."

दोन फ्रेम मागे. पडणाऱ्या गाडीला फूटबोर्ड आहे. मडगार्ड सुटे, हेडलाइट मडगार्डच्या वर वेगळे बसवलेले. युद्धाच्या आधीची कुठली तरी भंगारातली गाडी, वरून रंग फासलेला.

"शेठ महाकंजूस," तातगारू म्हणाले. "चालती बंडी तो ढकलू देणार होय!"

तक्त्यात लिहिलं: पडलेली गाडी वेगळी, तीसच्या दशकातली, खात्री ब. प्लायमाउथच्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा ठेवलाय. १९७३ चे चार सिनेमे अजून बघायचे आहेत.